अंगावर महाराष्ट्र गोंदवण्याआधी

फेब्रुवारीत शिवजयंती येते आणि १ मे रोजी महाराष्ट्र दिन. या दोन दिवसांच्या आसपास टॅटूच्या दुकानांत राजमुद्रा, जिरेटोप, राज्याचा नकाशा अशी चित्रं भिंतीवर लागतात. तुमच्यापैकी काहींच्या मोबाइलमध्येही असं एखादं चित्र सेव्ह केलेलं असेलच. टॅटू काढावा की काढू नये, हा वाद मी इथे घालणार नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तो निर्णय तुमचा आहे. पण राज्याचा अभिमान अंगावर लिहायचा असेल तर आपण काय लिहितोय हे आधी वाचता आलं पाहिजे. आणि तो टॅटू शरीरावर नेमका कुठे आहे, यावर पुढची नोकरीसुद्धा अवलंबून असू शकते. आजचा पाठ या दोन गोष्टींवर.

‘टॅटू’ हा शब्द पॉलिनेशियाच्या बेटांवरचा. कॅप्टन जेम्स कुक १७६९ मध्ये ताहिती बेटावर गेला, तिथला हा शब्द त्याच्या नोंदींत आला आणि मग इंग्रजीत रुळला. आपल्याकडे ही कला त्याच्या कितीतरी आधीपासून होती, तिला आपण गोंदण म्हणतो. आजीच्या कपाळावरचा किंवा हनुवटीवरचा हिरवट ठिपका तुम्ही पाहिला असेल. मुळात तो काळा असतो, त्वचेखालून हिरवट-निळसर दिसतो. दंडावर नाव, हातावर तुळशीवृंदावन, चांदणी, विंचू असे नमुने गोंदवत. काजळी कालवून सुयांनी टोचत आणि दुखणं विसरावं म्हणून गाणी म्हणत. मेल्यावर अंगावरचे सगळे दागिने उतरवले जातात, गोंदण तेवढं सोबत जातं, अशी समजूत होती. गोंदणावरून बाई कोणत्या समाजातली, कुठल्या भागातली हेसुद्धा ओळखता येई. मात्र त्या गोंदणात ‘महाराष्ट्र’ कुठे नसे, कारण आजचं हे राज्यच १ मे १९६० रोजी स्थापन झालं. राज्याच्या अभिमानाचा टॅटू ही तशी नवी गोष्ट आहे आणि म्हणूनच तिची रीत अजून ठरलेली नाही.

राजमुद्रा : बत्तीस अक्षरांचा प्रश्न

सगळ्यात जास्त मागणी अर्थातच छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेला. त्या काळी मुद्रा फारसीत असण्याची रीत होती, महाराजांची मुद्रा मात्र संस्कृतात आहे. तिचा अर्थ थोडक्यात असा : प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाला वंद्य असलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. आपल्या महाराष्ट्र राज्याच्या बोधचिन्हावर जी संस्कृत ओळ आहे, ती याच मुद्रेवर बेतलेली आहे. बदल फक्त तिसऱ्या चरणात केला आहे. ‘शहाजीपुत्र शिवाची’ या अर्थाच्या आठ अक्षरांच्या जागी ‘महाराष्ट्र राज्याची’ या अर्थाची आठच अक्षरं बसवली आहेत, त्यामुळे वृत्त कुठेही मोडत नाही. वृत्त अनुष्टुभ, चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं, एकूण बत्तीस.

बत्तीस अक्षरं हा आकडा लक्षात ठेवा. दोन इंचांच्या अष्टकोनात बत्तीस अक्षरं बसवायची म्हणजे प्रत्येक अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढं होणार. शिवाय त्यातली बरीच जोडाक्षरं. टॅटूची रेघ वर्षं गेली की थोडी पसरते. आज सुटासुटा दिसणारा ‘ष्णु’ दहा वर्षांनी नुसता काळा ठिपका होऊन बसतो. राजमुद्राच हवी असेल तर ती मोठी काढावी लागेल, आणि मोठी काढली तर भरतीचा प्रश्न येतो. त्याकडे पुढे येऊच.

आता व्याकरण. मुद्रेतला पहिला शब्द बघा. प्रतिपत् + चंद्र असा संधी होऊन ‘प्रतिपच्चंद्र’ झालं आहे. म्हणजे इथे च दोनदा हवा, एक अर्धा आणि एक पूर्ण. टॅटूवाला ‘प्रतिपचंद्र’ लिहून मोकळा होतो. ‘वर्धिष्णु’ शब्दाच्या शेवटी विसर्ग होता. पुढे ‘विश्व’ आल्यामुळे त्या विसर्गाचा रफार झाला आणि तो ‘वि’च्या डोक्यावर जाऊन बसला. तो रफार अनेक चित्रांतून गळलेला दिसतो. ‘सूनोः’ म्हणजे पुत्राचा. त्यातले दोन टिंब विसर्गाचे आहेत, ते सजावट म्हणून दिलेले नाहीत. हे दोन टिंब गेले की ‘पुत्राचा’ हा अर्थच गेला. इंटरनेटवरचं चित्र जसंच्या तसं दुकानदाराला दाखवायचं आणि तो ते तसंच काढणार, म्हणजे चूक करणारा तिसराच आणि ती जन्मभर मिरवणार तुम्ही.

जाता जाता एक शब्द. महाराजांच्या पत्रात राजमुद्रा सुरुवातीला उमटवत आणि पत्र संपल्यावर शेवटी दुसरा छोटा शिक्का, त्याला मोर्तब म्हणत. आपण रोज वापरतो तो ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द असा दफ्तरातून आलेला आहे. मोर्तब झालं की पुढे एक शब्दही वाढवता येत नसे. टॅटूचंही तसंच आहे म्हणा.

साध्या शब्दांतल्या चुका

संस्कृत सोडा, आपले रोजचे मराठी शब्दही टॅटूत चुकतात. ‘महाराष्ट्र’ याची फोड करा : ष् + ट् + र. इथे र शेवटी येतो, म्हणून तो ट च्या खाली रकार म्हणून लागतो. ‘महाराष्र्ट’ असं लिहिलं की र आधी आणि ट नंतर झाला. तो शब्दच नव्हे. ‘छत्रपति’ हे संस्कृत आणि हिंदीत चालतं, मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणजे ‘छत्रपती’. तसंच ‘सह्याद्री’.

सगळ्यात मजेशीर गोंधळ अर्ध्या र चा होतो. मराठीत एक खास अक्षर आहे, ‘ऱ्या’ किंवा ‘ऱ्हा’ यातला आडवा, चंद्रकोरीसारखा र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. त्याऐवजी रफार देऊन ‘दर्या’ लिहिलं तर तो झाला समुद्र. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांचा अभिमान दाखवायला गेलात आणि दंडावर दर्या उसळला, असं व्हायला नको. ‘मऱ्हाटी’ हा शब्दही असाच, त्याला रफार चालत नाही.

या चुका काही वेळा माणसाच्या नसतात, संगणकाच्या असतात. काही डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी नीट जुळत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाते आणि ‘शिवाजी’चं भलतंच काहीतरी होतं, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. मराठी न वाचता येणारा कारागीर ते जसं दिसेल तसं काढतो, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे असतात, त्यात ल आणि श आपल्यापेक्षा वेगळे दिसतात. मराठीचा अभिमान लिहायचा तर दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’ मागून घ्या. त्याहून बरं म्हणजे ज्याचं अक्षर वळणदार आहे अशा माणसाकडून कागदावर लिहून घ्या आणि तेच हातावर उतरवायला सांगा. कागदावरचा मजकूर निदान दोघांनी वाचलेला असावा, त्यातला एक तरी मराठी शिकवणारा.

मोडी लिपीतला टॅटूही हल्ली दिसतो. दिसायला सुंदर असतो, पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि वाचणारे फार कमी. मोडी जाणणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

नकाशा की फूल?

नकाशा सोपा वाटतो, पण कोणता नकाशा? १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते, २०१४ मध्ये पालघर झाल्यावर ते ३६ झाले. अलीकडे काही जिल्ह्यांची नावंही बदलली. बेळगाव, कारवार, निपाणी हा सीमाभाग धरून काढायचा की वगळून, हा तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासूनचा प्रश्न आणि महाराष्ट्राने केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे मनगटावरची ती एक रेघ राजकीय विधान असते. ते विधान तुम्हाला करायचं असेल तर जरूर करा, फक्त न कळता करू नका. आणि कोकणातल्या खाड्या लहान आकारात दिसणारच नाहीत, किनारा सरळ कापल्यासारखा होईल.

मला विचाराल तर मी राज्यफुलाच्या बाजूने आहे. ताम्हण हे आपलं राज्यफूल, जांभळट रंगाचं, सहसा सहा चुणीदार पाकळ्यांचं. महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला झाड फुलांनी भरलेलं असतं. साध्या काळ्या रेघेत छान उतरतं आणि त्यात शुद्धलेखन नाही. राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरच्या जंगलात पाहिलं असेल तर मोह होईल, पण त्याची सगळी मजा तांबूस आणि पिवळसर रंगात आहे, नुसत्या काळ्या शाईत साधी खार वाटते.

भरतीला जाणाऱ्यांनी हे आधी वाचा

आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूरपासून बीड, बुलढाण्यापर्यंत पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसतात. सैन्यात किंवा पोलिसात जायचं त्यांचं स्वप्न असतं आणि महाराजांचा टॅटू काढायची हौसही बहुतेक त्यांनाच जास्त. सैन्यभरतीचा नियम असा आहे की कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंड, छाती, मान, पाठ, पाय इथे असेल तर उमेदवार बाद होतो, मग धावण्यात पहिला आलेला असला तरी. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे यात सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांत नियम आणखी बारीक आहे. टॅटू डाव्या हातावरच हवा, कारण सॅल्यूट उजव्या हाताने करतात, आणि त्याचा आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचा युद्धघोष छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराचा आहे. आणि छातीवर महाराजांचं मोठं चित्र कोरलेला मुलगा त्याच रेजिमेंटच्या दारातून वैद्यकीय तपासणीत परत पाठवला जाऊ शकतो. लेझरने टॅटू काढता येतो, पण त्याला अनेक वेळा बसावं लागतं, खर्च गोंदवण्याच्या कितीतरी पट होतो आणि व्रण राहू शकतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आधी त्या वर्षीची भरतीची जाहिरात वाचा. ज्याचं ठरलेलं नाही त्याने निवड होईपर्यंत थांबावं, हे मी वर्गात स्पष्टच सांगतो.

सुई आणि शाई

विज्ञानाच्या तासाला त्वचेची आकृती काढली होती ती आठवा. वरची बाह्यत्वचा साधारण महिनाभरात नवी होत राहते. शाई तिथेच राहिली तर टॅटू महिन्यात जाईल. म्हणून सुई एक-दोन मिलिमीटर खोल, खालच्या अंतस्त्वचेत शाई सोडते. शरीराला ती परकी वाटते, भक्षक पेशी येऊन ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, सुटलेली शाई पुन्हा शेजारच्या नव्या पेशी गिळतात. तुमचा अभिमान वर्षानुवर्षं असा या पेशींनी धरून ठेवलेला असतो.

सुई रक्तापर्यंत जाते, म्हणून जत्रेतल्या मशीनपासून लांब राहा. तिथे एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने दिवसभर सगळ्यांचे हात गोंदले जातात. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग अशा सुईतून होऊ शकतो. बी वर लस आहे, सी वर नाही. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, शाई नव्या वाटीत ओतायला सांगा. मागायला लाजू नका. नंतर जखम भरेपर्यंत नदी-विहिरीत पोहणं बंद.

टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही. शिवजयंतीच्या आदल्या आठवड्यात राजमुद्रा काढलीत तर त्या शिवजयंतीच्या आणि येणाऱ्या महाराष्ट्र दिनाच्या रक्तदान शिबिरातून तुम्हाला परत पाठवतील. तेव्हा आधी रक्त द्या, मग दुकानात जा.

स्वाध्याय

‘महाराष्ट्र’, ‘दऱ्याखोऱ्या’ आणि ‘स्वराज्य’ या शब्दांतल्या जोडाक्षरांची फोड करून वहीत लिहा. महाराष्ट्र शासनाच्या बोधचिन्हाचं स्पष्ट चित्र मिळवा, राजमुद्रेशी ताडून पाहा आणि बदललेली आठ अक्षरं कोणती ते शोधा. घरात किंवा शेजारी जुनं गोंदण असलेली आजी असेल तर ते कोणी, कुठे आणि तिच्या कितव्या वर्षी गोंदलं ते विचारा आणि नमुन्याचं चित्र काढून आणा.