ब्राउझरची पारख आणि संगणक-व्यवस्थापकांचा वाद

संगणकावर वेबचीं पानें उघडून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमास ब्राउझर म्हणतात, हें आतां खालच्या इयत्तेंतील मुलासहि ठाऊक असतें. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हीं नांवें आपल्या तोंडीं बसलीं आहेत, आणि त्यांतला बरा कोणता असा प्रश्न वर्गांत टाकल्यास पाहतां पाहतां दोन तट पडतात. एकास वेग आवडतो, दुसऱ्यास रूप, आणि तिसऱ्यास घरीं थोरल्या भावानें जो बसवून ठेविला असेल तोच गोड लागतो. व्यक्ति तितक्या प्रकृति! त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्यांच्या हातीं एखाद्या कचेरींतील शें-दोनशें संगणक सोपविलेले असतात, त्या संगणक-व्यवस्थापकांत हाच वाद सुरू झाला म्हणजे त्याचें स्वरूप पालटतें. पान उघडलें नाहीं तर इस्पितळांत रोग्याचे कागद अडतात व बँकेंत गिऱ्हाइकांची रांग खोळंबते. व्यवस्थापकाची पसंती ही त्याच्या एकट्याची राहत नाहीं. म्हणून तो आवडीपेक्षां भरंवशाविषयीं अधिक बोलतो. आणि भरंवसा या शब्दाचे अर्थ एकाहून अधिक आहेत.

पहिला अर्थ कुलुपाचा. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची सहावी आवृत्ति २००१ सालीं काढली व सातवी २००६ च्या ऑक्टोबरांत. मधल्या पांच वर्षांत जगांतील बहुतेक संगणकांवर तो एकच ब्राउझर असल्यामुळें चोरांसहि एकच कुलूप उघडावयास शिकणें पुरेसें झालें. २००४ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेनें एका दोषावर जे उपाय सुचविले, त्यांत ‘दुसरा ब्राउझर वापरणें’ हाहि एक होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फायरफॉक्सची पहिली आवृत्ति निघाली, आणि व्यवस्थापकांच्या वादास खरें तोंड फुटलें. पुढें २०१० च्या जानेवारींत गूगल व इतर कांहीं कंपन्यांवर इंटरनेट एक्सप्लोररमधील दोषाचा फायदा घेऊन हल्ला झाल्याचें उघडकीस आलें, तेव्हां जर्मनी व फ्रान्स येथील सरकारी संस्थांनीं, दोष दुरुस्त होईपर्यंत हा ब्राउझर वापरूं नका, असा सल्ला दिला. ब्रिटिश सरकारनें मात्र तसा सल्ला देण्याचें नाकारलें. २१ जानेवारीस कंपनीनें दुरुस्ती दिली.

मग लोकांनीं तो ब्राउझर तत्काळ कां सोडला नाहीं? येथें भरंवशाचा दुसरा अर्थ पुढें येतो, तो म्हणजे ‘काल चाललेलें काम आज चाललें पाहिजे’ हा. अनेक कचेऱ्यांतील हिशेबाचीं व नोंदींचीं पानें त्या एकाच ब्राउझरच्या चालीवर बेतलेलीं होतीं. दुसऱ्यांत तीं उघडतच नसत. जुलै २०१० मध्यें, सरकारी खात्यांतून सहावी आवृत्ति हद्दपार करावी असा अर्ज ब्रिटनमध्यें आला असतां, सर्व प्रोग्रॅम पुन्हां तपासावे लागतील व त्याचा खर्च करदात्यांवर पडेल, असें उत्तर सरकारनें दिलें. दक्षिण कोरियांत तर १९९९ च्या सुमारास बँकव्यवहाराची सारी सुरक्षितताच ॲक्टिव्ह-एक्स या, केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्यें चालणाऱ्या साधनावर उभारली गेली. त्या वेळीं ती सोयीची वाटली. पण पुढें वीस वर्षें तें राष्ट्र त्या दाव्याला बांधलेलें राहिलें. सरकारमान्य प्रमाणपत्राची जुनी पद्धति कायद्यानें दूर झाली ती २०२० च्या डिसेंबरांत!

फायरफॉक्सकडे वळलेल्यांच्या नशिबींहि स्वस्थता नव्हती. त्याची चौथी आवृत्ति २२ मार्च २०११ रोजीं निघाली आणि २१ जूनला पांचवी येऊन चौथीची दुरुस्ती बंद झाली. तीन महिने! मोठ्या कचेरींत एका आवृत्तीची तपासणी पुरी व्हावयासच तितका काळ लागतो. व्यवस्थापकांनीं मोठी ओरड केली, आणि फायरफॉक्सच्या बाजूनें प्रथम, कचेऱ्यांकरितां आम्ही हा ब्राउझर करीत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर आलें. दोन्ही पक्षांत तथ्य होतें. दुरुस्ती लवकर पोंचावी म्हणून घाई हवी, आणि काम मोडूं नये म्हणून सबूर हवी. शेवटीं ३१ जानेवारी २०१२ रोजीं, सुमारें वर्षभर एकाच रूपांत टिकणारी व केवळ दोषदुरुस्ती होत राहणारी अशी निराळी आवृत्ति निघाली. ती प्रथा अद्याप चालू आहे, व माझ्या मतें या साऱ्या वादाचें तें सर्वांत चांगलें फळ होय.

सप्टेंबर २००८ मध्यें आलेल्या क्रोमनें आणखी एक गोष्ट शिकविली. त्यापूर्वीं एक पान बिघडलें कीं बहुधा सारा ब्राउझर कोसळे. क्रोमनें पानांस निरनिराळ्या खोल्या दिल्या. एका खोलींत आग लागली तरी शेजारचीं बिऱ्हाडें सुखरूप! त्याचें भाडें मात्र संगणकाच्या स्मृतींतून द्यावें लागतें, ही जुन्या संगणकवाल्यांची तक्रार खोटी नव्हे. पण क्रोमविषयींचा खरा धडा १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं मिळाला. त्या दिवशीं अनेक कचेऱ्यांत क्रोमचीं पानें एकाएकीं कोरीं पांढरीं झालीं. एकाच सर्व्हरवर पुष्कळ माणसें दुरून काम करतात अशा ठिकाणींच हा प्रकार घडला. झांकलेल्या खिडकीस झोंपवून शक्ति वांचवावी, अशी एक नवी योजना क्रोममध्यें होती. पण अशा सर्व्हरवर उघडी खिडकीहि झांकलेली आहे असा तिचा समज होई. ही योजना सुमारें पांच महिने कच्च्या आवृत्तींत व महिनाभर शेंकडा एक वापरणाऱ्यांत तपासली गेली होती, आणि तक्रार आली नव्हती. व्यवस्थापकांस राग आला तो चुकीचा नव्हे. राग याचा कीं, त्यांच्या संगणकांवर त्या दिवशीं नवी आवृत्ति आलीच नव्हती! आंत दडलेली कळ गूगलनें दुरून फिरविली होती. घराची किल्ली आपल्यापाशीं, पण दिव्याचें बटण परगांवीं, अशी ही अवस्था. दोन दिवसांनीं कळ उलट फिरविली गेली. तोंवर कित्येकांनीं दोष शोधण्यांत स्वतःच्याच यंत्रांची उलथापालथ केली होती. ती तक्रार मला रास्त वाटते.

म्हणून क्रोम टाकून फायरफॉक्स धरावा, तर आगींतून निघून फुफाट्यांत पडल्यासारखें व्हावयाचें. ४ मे २०१९ रोजीं फायरफॉक्सच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली व साऱ्या जोड-प्रोग्रॅमांस तो ओळखीनासा झाला. जाहिराती अडविणारे, संकेतशब्द सांभाळणारे, सर्वच बंद! तांतडीचा उपाय पाठविण्यांत आला तो दुरून प्रयोग करण्याच्याच मार्गानें, आणि तो मार्ग तर पुष्कळ सावध व्यवस्थापकांनीं बंद करून ठेविला होता. त्यांना नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. १३ जानेवारी २०२२ रोजीं तर निव्वळ एका शब्दांतील मोठ्या व लहान लिपीच्या फरकामुळें फायरफॉक्सचें वेबशीं बोलणेंच थांबलें. दूरच्या सर्व्हरनें संभाषणाची नवी पद्धति स्वीकारतांच आंत झोंपलेली ही चूक जागी झाली होती. शुद्धलेखनास कंटाळणाऱ्या विद्यार्थिमित्रांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी!

एक शंका अजून उरतेच. १५ जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझर क्रोमच्याच मूळ यंत्रावर, म्हणजे क्रोमियमवर चालतो. ऑपेरानें ती वाट २०१३ मध्येंच धरली. सर्वांचें यंत्र एक झाल्यानें पानें सर्वत्र सारखीं दिसतात, हा लाभ. पण यंत्रांतील एक दोषहि सर्वांच्याच घरीं एकदम पोंचतो, आणि २००१ नंतरचीं वर्षें आठवणाऱ्यांस यांतून जुनाच वास येतो. फायरफॉक्स व सफारी यांचीं यंत्रें निराळीं आहेत. तीं टिकावींत असें म्हणणाऱ्या व्यवस्थापकांत केवळ हौस नसून हा हिशेबहि आहे.

या अनुभवांनंतर जाणते व्यवस्थापक काय करतात? निरनिराळ्या यंत्रांचे दोन ब्राउझर प्रत्येक संगणकावर ठेवितात. नवी आवृत्ति प्रथम आठ-दहा जणांस देऊन आठवडाभर पाहतात व मग सर्वांस देतात. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र थांबत नाहींत. क्रोमची सावकाश चालणारी, आठ आठवड्यांनीं बदलणारी धाराहि त्यांस २०२१ पासून मिळूं लागली आहे. इंटरनेट एक्सप्लोररास १५ जून २०२२ रोजीं निरोप देण्यांत आला. परंतु त्याच्याच चालीवर बेतलेलीं जुनीं पानें उघडतां यावीं म्हणून एजच्या पोटांत त्याची एक खोली राखून ठेविली आहे, आणि ती निदान २०२९ पर्यंत उघडी राहील असें मायक्रोसॉफ्टनें कळविलें आहे.