वर्गातील पाठीराखा

मुलगा शाळेतून गळतो, तो एका दिवसात गळत नाही. आधी तो मागच्या बाकावर जातो, मग गप्प होतो, मग अधूनमधून गैरहजर राहू लागतो. हजेरीपटावर हे उशिरा दिसते. बरोबरीच्या मुलांस ते आधीच ठाऊक असते. या सोबतीचा उपयोग कसा करून घ्यावा, याचा बारकाईने विचार कॅथलिक शाळांच्या परंपरेत झालेला आहे.

बालाघाटकरांस नागपूर परके नाही. तेथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स ही मुलांची शाळा १८७० साली निघाली. ज्या संताचे नाव तिला आहे, ते (१५६७-१६२२) सौम्य स्वभावासाठी प्रसिद्ध होते. इटलीतील तुरिन शहरी गरीब मुलांसाठी झटणाऱ्या डॉन बॉस्को यांनीही आपल्या संस्थेस त्यांचेच नाव दिले. विवेक, धर्मभावना व प्रेमळपणा हे त्यांच्या पद्धतीचे तीन आधार होत. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होण्याआधी जवळ असावे, म्हणून शिक्षकाने खेळाच्या मैदानावरही मुलांत मिसळावे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांच्याच शाळेत १८५६ साली डॉमिनिक साव्हिओ या चौदा वर्षांच्या मुलाने काही सोबत्यांचे मंडळ काढले. मंडळातील मुले नव्याने आलेल्या किंवा हूड मुलांपैकी एकेकाची काळजी वाहत. उपदेश कमी, सोबत खेळणे व अभ्यासात हात देणे अधिक.

आपल्याकडेही याचे मूळ आहे. पंतोजींच्या शाळेत वरचा मुलगा खालच्याकडून धुळाक्षरे गिरवून घेई. मदरशांत विद्यार्थी मिळून धड्याची ‘तकरार’, म्हणजे उजळणी, करतात. मद्रासेत अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे काढताना पाहिली व मुलांनीच मुलांस शिकविण्याची रीत १७९७ साली पुस्तिकेद्वारे इंग्लंडात मांडली. मात्र धडा सांगणे वेगळे आणि मुलगा सांभाळणे वेगळे.

सांभाळण्याचे काही नियम आहेत. पाठीराखा केवळ पहिल्या क्रमांकाचा नसावा; ऐकून घेणारा असावा. त्याच्याकडे एक-दोनच मुले द्यावीत. त्यास शिक्षेचा अधिकार देऊ नये. दिल्यास तो मित्र न राहता मुकादम होतो. शिक्षकाने दर आठवड्यास त्यास भेटावे, कारण मोठा असला तरी तोही मूलच आहे.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. मित्राचे गुपित राखावे. परंतु मारहाण, लैंगिक छळ किंवा जीव देण्याची भाषा कानी आली, तर ते त्याच दिवशी विश्वासू वडीलधाऱ्यास सांगावे. ही चहाडी नव्हे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

महोत्सवाच्या या वर्षी आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाने आठवी-नववीच्या एका मुलास आठवड्यातून एक तास द्यावा. यास पैसा लागत नाही. वडीलधाऱ्यांनी फक्त त्या दोघांची विचारपूस करीत राहावे.