दोन सूर, एक आमेन



मिस्सामध्ये आपण पुन्हा पुन्हा म्हणतो असा एक शब्द आहे : 'आमेन'. सवयीने तो तोंडातून निघून जातो. कधी अर्धवट, कधी पुटपुटत, कधी गायकवृंद म्हणतो आहे ना, म्हणून आपण गप्पच. या एका शब्दावर उभा असलेला एक जुना चित्रपट आज आपण अभ्यासणार आहोत. त्याचे नाव 'लिलीज ऑफ द फील्ड', म्हणजे रानातील भूकमळे. हे नाव मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायावरून घेतलेले आहे.

कथा थोडक्यात

होमर स्मिथ हा कृष्णवर्णीय अमेरिकन कारागीर, पंथाने बाप्टिस्ट. अॅरिझोनाच्या वाळवंटातून जाताना गाडी तापते म्हणून तो एका शेतावर पाणी मागायला थांबतो. तेथे जर्मन बोलणाऱ्या, पूर्व युरोपातून निसटून आलेल्या पाच कॅथलिक धर्मभगिनी राहत असतात. मदर मारिया ठरवूनच टाकतात की, हा माणूस देवानेच पाठवला आहे. त्याच्याकडून त्या छप्पर दुरुस्त करून घेतात. तो मजुरी मागतो आणि कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हे लूकच्या दहाव्या अध्यायातील वचन दाखवतो. मदर त्याला मत्तयमधील भूकमळांचे वचन वाचायला देतात! पैसे मिळत नाहीत, न्याहारीला जेमतेम एक अंडे मिळते. तरीही तो राहतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थनामंदिर बांधतो.

हा चित्रपट ऑक्टोबर १९६३ मध्ये प्रदर्शित झाला. तो काळ लक्षात घ्या. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट घडवून चार मुलींचा जीव घेतला होता. चित्रपटातही एक गोरा कंत्राटदार होमरला 'पोऱ्या' अशी हाक मारतो. होमर त्याला तशीच हाक परत मारतो, आणि मग ताठ मानेने आपले कसब सिद्ध करतो. या भूमिकेसाठी सिडनी पॉइटिए यांना १९६४ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते.

दोन परंपरांची भेट

एका संध्याकाळी धर्मभगिनी लॅटिन भाषेतील गीत गातात. ही ख्रिस्तसभेची प्राचीन ग्रेगोरियन पद्धत : वाद्याची साथ नाही, सर्वांची चाल एकच, शब्द सावकाश पुढे सरकतात. होमर ऐकतो. मग तो त्यांना आपल्या लोकांचे गाणे शिकवतो. त्याने गव्हाणीपासून पुनरुत्थानापर्यंत प्रभूच्या जीवनातील एकेक प्रसंग गायचा आणि भगिनींनी दर वेळी उत्तर द्यायचे : आमेन. त्यांना इंग्रजी धड येत नाही, त्याला लॅटिन येत नाही. पण हा शब्द दोघांचाही आहे. तो मूळचा हिब्रू, म्हणजे खरे पाहता दोघांपैकी कोणाच्याच घरचा नाही!

पडद्यावर पॉइटिए गाताना दिसतात, पण तो आवाज जेस्टर हेअरस्टन यांचा आहे. हेअरस्टन हे गुलामांचे नातू. समूहगायनाचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी गुलामांच्या भक्तिगीतांची गायकवृंदासाठी बांधणी केली. चित्रपटातील 'आमेन'ची बांधणीही त्यांचीच.

या भक्तिगीतांना 'स्पिरिच्युअल' म्हणतात. शेतात राबणाऱ्या गुलामांनी ती रचली. अमेरिकेतील फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १८७१ पासून ती गायकवृंदाच्या शिस्तीत गाऊन जगापुढे आणली. त्यांची संस्था पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. या मुलामुलींनी गाऊन निधी जमवला आणि त्यातून 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. त्यांनी आपल्या वृंदाचे नाव 'ज्युबिली' ठेवले, ते लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील दास्यमुक्तीच्या वर्षावरून.

या गीतांची ओळख आपल्या देशालाही झाली. फेब्रुवारी १९३६ मध्ये हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मपंडित पत्नीसह बार्डोलीला महात्मा गांधींना भेटले. निरोप घेण्यापूर्वी गांधीजींनी त्यांना प्रभूच्या क्रूसावरील मरणाविषयीचे स्पिरिच्युअल गाण्याची विनंती केली. पाहुण्यांनी ते गायले. गाणारे ख्रिस्ती, ऐकणारे हिंदू, आणि दोघांचेही लोक त्या वेळी गोऱ्या सत्तेखाली अपमान सोसणारे.

ख्रिस्तसभेची शिकवण

चित्रपटानंतर दोनच महिन्यांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. त्यातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान द्यावे, असे ११६ वे कलम सांगते. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या संगीताला योग्य आदर मिळावा, असे ११९ वे कलम सांगते. आणि गायकवृंदाची जोपासना करावी, पण सर्व भाविकांचा सहभाग हिरावला जाऊ नये, असे ११४ वे कलम बजावते. जुने ठेवा, आपले आणा, आणि सर्वांनी गा.

'आमेन' हा तर मुळातच लोकांचा शब्द. संत जस्टिन यांनी सुमारे इ. स. १५५ मध्ये रोमच्या मिस्साचे वर्णन लिहिले. उपासना चालवणाऱ्याची आभारप्रार्थना संपली की उपस्थित सर्व लोक 'आमेन' म्हणून संमती देतात, असे ते सांगतात, आणि 'तथास्तु' हा त्याचा अर्थही देतात. म्हणून ख्रिस्तप्रसादाच्या प्रार्थनेच्या अखेरीस धर्मगुरू ख्रिस्तशरीर व रक्त उंचावतात तेव्हाचे 'आमेन' हे भाविकांचे आहे. ते दुसऱ्या कोणाकडून म्हणवून घेता येत नाही.

आपल्या घरात

होमरने एक ओळ म्हणायची आणि सर्वांनी प्रतिसाद द्यायचा, ही रीत आपल्याला परकी नाही. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून यवत, वरवंडमार्गे जाते तेव्हा भजनाची हीच रीत कानावर पडते. पुढचा ओळ उचलतो, मागचे टाळकरी ती झेलतात. आपली ख्रिस्ती भजनी मंडळेही तशीच गातात.

मग अडचण कोठे आहे? रेल्वेच्या नोकरीमुळे दौंडला वेगवेगळ्या प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबे आली. रांजणगावच्या कारखान्यांमुळे शिरूर तालुक्यातही बाहेरची माणसे आली. कोणाला चार सुरांतील इंग्रजी गीत हवे, कोणाला पेटी-तबल्यावरचे भजन, तर कोणा वृद्धेला लहानपणी पाठ केलेले लॅटिन. सणाच्या मिस्साला कोणी गायचे यावरून मने दुखावतात. आणि आवडीनिवडीच्या आड कधी कधी भाषा, प्रांत आणि जातही लपलेली असते. 'त्यांचे' गाणे सुरू झाले की 'आपली' माणसे ओठ मिटतात. वर्णभेद अमेरिकेत होता म्हणून आपण सुटलो, असे समजण्याचे कारण नाही.

चित्रपटात होमरलाही प्रार्थनामंदिर एकट्याने बांधायचे होते. गावातील मेक्सिकन लोक मदतीला आले तेव्हा तो रुसून बसला. पण शेवटी सर्वांचे हात लागले तेव्हाच मंदिर पूर्ण झाले. अखेरच्या रात्री 'आमेन' गात असतानाच होमर हळूच बाहेर पडतो आणि गाडी घेऊन निघून जातो. गायनाचे पुढारपण करणारा जातो, पण प्रतिसाद देणारे गातच राहतात. खऱ्या गायकवृंदाचे यश हेच. आपण थांबलो तरी मंदिर गात राहिले पाहिजे.

कुटुंबात व गटात चर्चेसाठी

१. मत्तय ६:२५-३४ आणि लूक १०:७ एकत्र वाचा. मदर मारिया बरोबर होत्या की होमर?

२. आपल्या मंदिरात कोणाचे गीत सुरू झाले की मी ओठ मिटतो? का?

३. दुसऱ्या भाषेतील एक गीत शेजारच्या कुटुंबाकडून या महिन्यात शिकता येईल का?

येत्या मिस्सामध्ये ते 'आमेन' पुटपुटू नका. शेजारी कोण उभा आहे हे न पाहता, त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून म्हणा.