जे दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत, त्यांच्यासाठी

लातूरचा ट्युशन एरिया आणि नांदेडचा श्यामनगर-भाग्यनगर भाग ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलांनी वर्षभर गजबजलेला असतो. कोणाच्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरलेली असते, कोणाची आई लेकराला डबा करून घालायला गाव सोडून खोलीवर येऊन राहिलेली असते. एमबीबीएसची जागा यातल्या थोड्यांनाच मिळते. उरलेल्यांना वाटते, आरोग्याचे क्षेत्र आपल्यासाठी संपले. मी याच दोन जिल्ह्यांत सरकारी डॉक्टर म्हणून काम केले, आधी किनवटकडे, मग निलंगा-औशाच्या बाजूला. त्यातून सार्वजनिक आरोग्याबद्दल जे उमजले ते या मुलांसाठी लिहिते आहे. ज्यांना एमबीबीएस मिळाले, त्यांच्यासाठीही.

१. लस नसताना, औषध नसतानाही रोग संपवता येतो.

घरातल्या आजी-आजोबांना नारूबद्दल विचारा. पायाला फोड यायचा, तो फुटला की दोऱ्यासारखा लांबलचक जंत बाहेर डोकवायचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून ठणका लागायचा. ऐन पेरणीत धडधाकट माणूस खाटेवर. लोक बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरत. रोग्याचा पाय पाण्यात बुडला की जंताची पिल्ले पाण्यात जात, सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढच्या वर्षी नारू होई.

यावर लस नव्हती, औषध नव्हते. आजही नाही. मग तो गेला कसा? पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, कठडे बांधले, हापसे बसवले, पाणी फडक्याने गाळून प्यायला घरोघर शिकवले आणि प्रत्येक रोगी शोधून काढला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. आरोग्य सेवक, पाणीपुरवठ्याचे अभियंते, गावोगावचे शिक्षक यांनी हे केले. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण आज पंचविशीतल्या मुलाने नारू पाहिलेलाही नाही. वैद्यकातल्या कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा मला हे काम मोठे वाटते.

२. दुष्काळात डासांवर नजर ठेवा.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणवठ्यांवर जमावबंदी लावली होती. अशा वेळी माणूस मिळेल त्या भांड्यात पाणी साठवतो: बॅरल, रांजण, सिंटेक्सची टाकी, अगदी परातसुद्धा. डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. भांडे नुसते उपडे करून भागत नाही, कारण अंडी आतल्या बाजूला चिकटलेली असतात, घासावेच लागते.

पण तिसऱ्या दिवशी टँकर येणार असताना बॅरल रिकामे करायला कोणती बाई तयार होईल? तिला उपदेश करून काय उपयोग? बॅरलला जाळीचे किंवा कापडाचे घट्ट झाकण बांधा, टाकीत गप्पी मासे सोडा, हे तिला जमण्यासारखे असते. तिची अडचण समजून मार्ग काढणे हाच या कामाचा गाभा आहे, आणि तो कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

३. घराची भिंतही आरोग्यात येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती झोपेत, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली. धक्का मध्यम तीव्रतेचा होता, घरे मारक ठरली. गवंड्याला भूकंपरोधक बांधकाम शिकवणारा माणूस मी आरोग्य कर्मचारीच समजते.

४. जे मोजले नाही, त्यावर कोणी काही करत नाही.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे मराठवाड्यात ऐकून सगळ्यांना माहीत होते. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी पाहणी झाली: ८२,३०९ बायकांना विचारले, त्यांतल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. ऐकीव गोष्ट तेव्हा कुठे आकडा होऊन कागदावर आली. त्या प्रत्येक आकड्यामागे बायकांना गाठून प्रश्न विचारणारी एक आशाताई किंवा नर्सबाई आहे. तुम्हाला गणित, संख्याशास्त्र, संगणक आवडत असेल, तर या कामाला तुमची सर्वांत जास्त गरज आहे.

५. इथलाच माणूस हवा.

किनवट-माहूर भागात काही हापशांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे आखडतात. एका तांड्यावरच्या घरात मी दातांबद्दल विचारले, तर आजी म्हणाली, “बाई, आमच्या घरात समद्यांचेच असे. ते आमचं वळणच हाय.” जो रोग वळण वाटतो, त्यासाठी दवाखान्यात कोण येईल? पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे सोपे होते. त्या आजीला पटवायला मात्र आमच्या उपकेंद्रातली नर्सबाईच लागली. ती त्याच तांड्यावर वाढलेली, गोरमाटी बोलणारी. सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचेही तसेच. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळाला चारात एक असा धोका असतो, हे लग्न ठरायच्या आधी सांगावे लागते, आणि ते ज्याला घरात बसवून चहा देतात त्यानेच सांगावे.

हे जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी करून दाखवले. गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्य सेविका केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून नवजात बाळांचे जीव वाचवून घेतले. दोन्हीकडची गावे आपल्या गावांहून वेगळी नाहीत.

६. पैशाचे खरे सांगते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बहुतेक पदे कंत्राटी आहेत. पगार उशिरा होतात, कायम होण्याची वाट पाहण्यात वर्षे जातात. हे बदलायलाच हवे, आणि आत शिरलेल्या तरुणांनी त्यासाठी बोलायलाही हवे. घरी कर्ज असेल तर हा हिशेब आधी मांडा. पण खासगी दवाखाना टाकायला लागणारे भांडवल, त्याचे हप्ते, हेही त्याच कागदावर मांडा.

७. वाटा बऱ्याच आहेत.

एमबीबीएसनंतर पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, या विषयात एमडी करता येते. ‘कुठलीच ब्रँच मिळाली नाही म्हणून’ ती घेऊ नका, आवडीने घ्या. बीएससी नर्सिंग किंवा बीएएमएसवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. आरोग्य सेवक, स्वच्छता निरीक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेतच. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, डॉक्टर नसलेल्यांनाही अनेक ठिकाणी करता येते. मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि पुणे विद्यापीठात तिचे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक ठिकाणची अट वेगळी, ती नीट वाचा.

निर्णय घेण्याआधी एक करा. गावच्या उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस कधी आहे ते आशाताईला विचारा आणि सकाळपासून तिच्यासोबत फिरा. यादीत नाव असून जी आई बाळाला घेऊन आली नाही, तिच्या घरी जा आणि ती का आली नाही, ते विचारा.