श्वासाकडे लक्ष, गोळीकडेही

विहारात त्रिसरण-पंचशील झाल्यावर आपण दहा मिनिटे डोळे मिटून बसतो. मन मात्र बसत नाही. टँकर आला असेल का, पोराची फी कुठून भरायची, घर तोडायची नोटीस आली तिचे काय? संकट दारात असो की नुसते मनात, शरीर तसेच वागते: छाती धडधडते, मान आखडते, झोप उडते.

आनापानसती म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे भान. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही. नाकपुडीपाशी तो आत येताना कळावा, बाहेर जाताना कळावा, एवढेच. मन पळणारच. पळाले हे कळले की परत आणायचे, स्वतःवर चिडायचे नाही.

एका खोलीत सात माणसे, एकांत कुठला, असे बाया आम्हाला विचारतात. सतिपट्ठान सुत्तात चालताना, खाता-पितानाही भान ठेवायला सांगितले आहे. तेव्हा भाकरी थापताना, नळाच्या रांगेत उभे असतानाही हे जमते. इगतपुरीच्या धम्मगिरीला १० दिवसांच्या शिबिराची फी नाही हे खरे, पण रोजंदारीवरच्या बाईचा १० दिवसांचा रोज कोण देणार?

शांत होणे म्हणजे गप्प सोसणे नव्हे. वॉर्ड ऑफिसात कोणी उलट बोलले की कानशिले तापतात. तापली हे वेळीच कळले, तर भांडणात दिवस न घालवता अर्ज देऊन, पोच घेऊनच परत येता येते.

आता जे सांगायला आम्ही बसलो ते. ध्यानाने बरे वाटते म्हणून काही जणी बीपीची गोळी बंद करतात. असे करू नका. बीपी वाढले तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही, आणि एक दिवस एकदम लकवा होतो. गोळी कमी करायची की नाही, ते बीपी मोजून डॉक्टर ठरवतील. छातीत दुखून घाम फुटला तर श्वास बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

डोळे मिटल्यावर भीती वाढत असेल, जुने मारहाणीचे प्रसंग समोर येत असतील, तर डोळे उघडा, तळपाय जमिनीला टेकवा, समोरच्या वस्तू बघा. त्या दिवशी तेवढेच पुरे. मानसिक आजाराचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिबिराला जाऊ नका आणि फॉर्मवर आजार लपवू नका. जगणे नकोसे वाटत असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.