इंधनमार्गातील हवा
टाकी कोरडी पडलेल्या जुन्या डिझेल ट्रकमध्ये पुन्हा इंधन भरले, तरी इंजिन लगेच सुरू होतेच असे नाही. नळ्यांत शिरलेली हवा दाबाखाली आकसते. डिझेल जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पंपाचा दट्ट्या हवाच दाबत राहतो आणि नॉझल उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही. अशा वेळी वारंवार स्टार्टर मारणारा चालक बॅटरीही गमावून बसतो. प्रथम फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. आधी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की, ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. मग इंजेक्शन पंपावरही हीच कृती करावी. कॉमन रेल इंजिनाच्या उच्चदाबाच्या नळ्या मात्र इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नयेत; तेथील बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो.