दोष कॅम्बरला, चोरी टोची

स्पोर्ट्स कारचा मागचा टायर संपतो तो मालकाच्या नजरेआड. बाहेरून पाहावं तर नक्षी अजून चांगली चार मिलिमीटर खोल. आतल्या कडेला मात्र रबर जाऊन तारा उघड्या पडलेल्या. गाडी बसकी, टायर रुंद, त्यामुळे आतली कड पाहायची तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं, आणि एवढ्या महागड्या गाडीपाशी आडवं व्हायला कुणी तयार नसतं. चाक उतरवलं की गुपित फुटतं आणि गॅरेजात ठरलेलं निदान ऐकू येतं: ‘कॅम्बर आहे साहेब, स्पोर्ट्स गाडीला हे असायचंच.’ हे निदान अर्धंच खरं आहे. ते पुरं मानलं की टायरांची नवी जोडीही त्याच वाटेने जाते. माझं म्हणणं असं, की कॅम्बर फक्त टायर कुठे झिजणार ते ठरवतो. किती भराभर झिजणार, हे बहुतांशी टोच्या हातात असतं, आणि टो डोळ्यांना दिसत नाही.

आधी कॅम्बरची बाजू ऐकून घेऊ. चाकाचा वरचा भाग गाडीकडे कललेला असला की त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि बाहेरच्या चाकालाही त्याच दिशेने कलवू पाहते. आधीच आत कललेलं चाक त्या क्षणी रस्त्यावर सपाट बसतं. पकड तिथून येते. पण सरळ रस्त्यावर ते कललेलंच राहतं. पोर्श बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत सतरा इंची चाकांवर मागे 255/40 मापाचे टायर असत. एवढा रुंद टायर दोन अंश कलला तर आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या उंचीत आठ-नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. टायरची बाजूची भिंत जेमतेम 102 मिलिमीटर उंच आणि ताठ असते, त्यामुळे हा फरक ती पुरता जिरवू शकत नाही. मारुती स्विफ्टच्या 165/80 टायरला तेवढाच कल दिला तर फरक सहा मिलिमीटरांच्या आत राहतो आणि तो सोसायला 132 मिलिमीटरांची मऊ भिंत असते. म्हणूनच ही तक्रार हॅचबॅकवाल्यांपेक्षा स्पोर्ट्स कारवाल्यांकडून जास्त येते.

तरीही नुसत्या दाबाने रबर फारसं जात नाही. सहाणेवर चंदनाचं खोड कितीही दाबून धरलं तरी गंध निघत नाही. ते फिरवावं लागतं. टायरच्या बाबतीत फिरवण्याचं काम टो करतो. वरून पाहिलं असता चाकाचं तोंड गाडीच्या सरळ रेषेशी जो कोन करतं, तो टो. एका चाकाचा टो 0.2 अंशांनी चुकला, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक सुमारे साडेतीन मीटर आडवं जाऊ पाहतं आणि गाडी त्याला जाऊ देत नाही. मुंबई-पुणे एक फेरी दीडशे किलोमीटरांची धरली तर हे आडवं अंतर अर्ध्या किलोमीटरच्या वर जातं. दहा हजार किलोमीटरांत पस्तीस किलोमीटर. यातलं थोडं रबर आपल्या लवचिकपणाने सोसतं, सगळंच घासलं जात नाही हे मान्य. पण जे घासलं जातं ते जिथे दाब जास्त तिथेच, म्हणजे कॅम्बरने आधीच भार टाकलेल्या आतल्या कडेवर. कड दिसते, कॅम्बर दिसतो, म्हणून दोष कॅम्बरला जातो.

पुरावा टायरवरच असतो. केवळ कॅम्बरची झीज गुळगुळीत, एका बाजूला उतरत गेलेली लागते. टोची झीज करवतीच्या दातांसारखी असते: नक्षीवरून तळहात आडवा एका दिशेने फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखरीत. (तारा निघाल्या असतील तर हात जपून.) दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी होती, मधला पट्टाच गेला असेल तर हवा जास्त होती. या दोन्हींचा अलाइनमेंटशी, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीशी, संबंध नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही, स्टिअरिंगही सरळ आहे, मग अलाइनमेंट बिघडलं कसं? उत्तर सोपं आहे. दोन्ही चाकं सारखीच चुकली तर त्यांचे जोर एकमेकांना रद्द करतात, गाडी नाकासमोर चालते आणि दोन्ही टायर सारखेच संपतात. गाडी ओढते म्हणजे दोन्ही बाजूंत फरक आहे, एवढंच त्यावरून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे. टोच चोर असेल तर तो सरळ शून्य करून टाकावा. पुढच्या चाकांबाबत हा विचार करता येतो, मागच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. मागची चाकं किंचित आत वळलेली असली की गाडी स्थिर राहते. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागची चाकं बाहेर वळू लागली तर शेपूट सुटते. हा धोका पोर्शने इतका गंभीर मानला, की 1977 साली आलेल्या 928 साठी खास वायसाख अॅक्सल बनवला; अशा वेळी चाक बाहेर न वळता आत वळावं, अशी त्याची रचना होती. तेव्हा मागचा टो कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवावा, पण दोन्ही बाजूंना सारखा आणि गरजेपुरताच.

‘पण अलाइनमेंटच्या मशीनवर सगळं हिरवं आलं होतं’ हा तिसरा आक्षेप. माप मर्यादेत असल्याचं सांगणारा हिरवा पट्टा रुंद असतो. त्याच्या टोकाशी बसलेला टोही हिरवाच दिसतो. म्हणून रंग बघू नये, आकडे मागावेत, आणि ते दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे दोन्ही. यंत्रात गाडीचं मॉडेल बरोबर निवडलं आहे का हेही पाहावं. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. क्रमालाही महत्त्व आहे. आधी हवा तपासावी, सस्पेन्शनचे बुश आणि टाय रॉडचे सांधे हलवून पाहावेत, कारण ढिल्या बुशवर लावलेला टो पहिल्या गतिरोधकापर्यंतच टिकतो. मग मागची चाकं, नंतर पुढची. आधी कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो बहुधा हलतोच. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांना तर सीटवर आणि डिकीत ठरावीक वजन ठेवून मगच मापं घ्यावी लागतात. ‘फक्त पुढची करून देतो’ म्हणणाऱ्याचे आभार मानून निघावं.

स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. उंची कमी झाली की कॅम्बर वाढतो आणि टोही बदलतो. कॅम्बर फोटोतसुद्धा दिसतो, म्हणून लोक कॅम्बर किट विकत घेतात, ते बसवतात आणि टो तसाच सोडून देतात. कित्येकदा नुसता टो पुन्हा लावला असता तर किटची गरजच पडली नसती. अर्थात तीन-तीन अंश कललेल्या गाडीला कुठलाच टो वाचवू शकत नाही, हेही सांगायला हवं. उलट कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर नेहमी जाणाऱ्याच्या गाडीत कॅम्बर कमी असेल तर बाहेरची कड आधी जाते. तिथे जास्त कॅम्बर टायर वाचवतो.

अनेक स्पोर्ट्स कारचे पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे मागचे पुढे घालून झीज वाटून घेण्याची सोय नाही. राहतं ते मोजमाप. नवे टायर बसवल्यावर खोली मोजायची पट्टी घेऊन आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी आकडे लिहून ठेवावेत, आणि दोन-तीन हजार किलोमीटरांनी पुन्हा मोजावेत. कायद्याने किमान खोली 1.6 मिलिमीटर लागते, आणि ती आतल्या कडेला मोजायची.